सपाट वाट, पण मधे फाटा नाही: आई-बाबांसोबत कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पिट्सबर्गला राहता. पुण्याहून आई-बाबा आले आहेत. बाबा ६८ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. आई ६४ वर्षांच्या, डावा गुडघा अधूनमधून दुखतो. सोबत बायको आणि ९ वर्षांचा मुलगा. सप्टेंबरच्या मध्यावर एखाद्या शनिवारी ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज या चालण्या-सायकलच्या लांब वाटेवरचा कॉन्फ्लुअन्स ते ओहायोपाइल हा दोन गावांमधला टप्पा सगळ्यांनी मिळून पायी करायचा आहे. तुम्ही लिहिलंय, "चढ नाहीच, मग एका दिवसात जमेल ना? सोबत काय घ्यावं?"

जमू शकेल. पण तुम्ही चढाची काळजी करताय आणि अडचण दुसरीकडेच आहे. हा टप्पा तुम्ही कुठून कुठपर्यंत मोजता त्यावर १० ते ११ मैलांचा, म्हणजे साधारण १७ किलोमीटरचा आहे. कॉन्फ्लुअन्सकडचे पहिले दीड-दोन मैल, रॅमकॅट नावाच्या ठिकाणापर्यंत, गाडीचा रस्ता जवळ असतो. रॅमकॅट सोडलं की थेट ओहायोपाइलपर्यंत एका बाजूला जंगलाचा उतार, दुसऱ्या बाजूला नदी. गाडी घेऊन कोणी तुमच्यापर्यंत येईल असा सोयीचा फाटा त्या पट्ट्यात नाही, पाण्याचा नळ नाही, आणि फोनला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. म्हणून "आईंना चालवेल का?" एवढं विचारून भागत नाही. "सहाव्या मैलावर आई म्हणाल्या की आता नको, तर काय करायचं?" याचं उत्तर निघण्याआधी तयार हवं. बाकी सगळं त्या उत्तराच्या मागून येतं.

आधी वाट समजून घ्या, कारण बाबांना ती तुमच्यापेक्षा लवकर कळेल. हा जुना लोहमार्ग आहे. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने कंबरलंडहून कॉनल्सव्हिलपर्यंत नेलेली ही लाइन १९१२ मध्ये सुरू झाली. नदीच्या समोरच्या काठावर दुसऱ्या कंपनीची लाइन १८७१ पासूनच होती. पुढे दोन्ही एकाच छत्राखाली आल्या, एकाच दरीत दोन समांतर मार्ग पोसायचं कारण उरलं नाही आणि १९७५ मध्ये ही लाइन बंद झाली. रूळ निघाले, भराव राहिला. त्यावर चुनखडीची बारीक कच दाबून १९८६ मध्ये पायवाट म्हणून सर्वांत आधी उघडला तो हाच ओहायोपाइलजवळचा तुकडा. पिट्सबर्ग ते कंबरलंड ही १५० मैलांची सलग वाट पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं. समोरच्या काठावरची लाइन अजून जिवंत आहे. मालगाड्या जात-येत असतात, त्यामुळे बाबांचं अर्धं लक्ष तिकडे राहणार हे धरून चाला.

कॉन्फ्लुअन्सहून ओहायोपाइलकडे जाताना वाट नदीच्या प्रवाहाबरोबर उतरते, पण अख्ख्या टप्प्यात उतार दीडशे फुटांहून कमी आहे. रेल्वेच्या भाषेत साधारण १:४००, म्हणजे चारशे फुटांमागे एक फूट. भोर घाटात १:३७ चा चढ पाहिलेल्या माणसाला हा चढही वाटणार नाही आणि उतारही. पायांना तर तो मुळीच कळत नाही.

आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. सिंहगड चढताना मांड्या काम करतात, उतरताना गुडघे, मधल्या सपाटीवर दोघांना उसंत मिळते. पाऊल कधी तिरकं पडतं, कधी उंच, कधी दगडावर. रुळांच्या वाटेवर यातलं काहीच नाही. साठ-पासष्ट सेंटिमीटरचं एक पाऊल धरलं तर या टप्प्यात सत्तावीस-अठ्ठावीस हजार पावलं पडतात आणि जवळजवळ प्रत्येक पाऊल आधीच्यासारखंच असतं. तोच कोन, तीच टाच, चवड्यावर तोच भार. त्यामुळे दम लागत नाही, पण दुखणं हळूहळू साचत जातं. पहिले पाच-सहा किलोमीटर काहीच जाणवत नाही. आठव्याच्या सुमाराला टाचेला किंवा करंगळीला चटका बसू लागतो. दहा-बारानंतर मांडीचा वरचा भाग, जिथे पाय कमरेला जोडलेला असतो तिथे, ओढ लागते. त्यापुढे कंबर. जे लोक रोज पर्वती चढतात त्यांनाही हे होतं, कारण पर्वती म्हणजे अर्ध्या तासाचं काम आणि ही पाच-सहा तासांची एकसुरी चाल. दमसास चांगला असणं आणि तळवे तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिली अट तयारीची. आई-बाबा सध्या रोज किती चालतात हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. मी घरच्या ज्येष्ठांना अशा वाटेवर न्यायचं असेल तर हा मापदंड लावतो: जायच्या साधारण महिनाभर आधी एका शनिवारी आठ किलोमीटर आणि लगेच रविवारी पाच. सपाट जागी, त्याच बुटांत, तीच पिशवी पाठीला लावून. मग सोमवारी सकाळी पाहायचं. गुडघा पहिल्या दहा मिनिटांत मोकळा झाला तर ठीक. सूज असेल, जिना उतरताना गुडघा दगा देतोय असं वाटत असेल, किंवा मधेच अडकत असेल तर हा टप्पा त्यांच्यासाठी नाही. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. पहिली चाचणी नीट गेली तर दोन आठवडे आधी एकदा बारा किलोमीटर. त्यानंतरच्या आठवड्यांत रोजची साधी फेरी, जास्त काही नाही. आणि भारतातून आल्यावर निदान दहा दिवस चाचणीसुद्धा नको. झोपेचं चक्र बिघडलेलं असताना माणूस किती चालू शकतो याचा अंदाज नेहमी चुकतो.

गुडघ्याबद्दल आणखी दोन गोष्टी. चालायला निघताना "आधीच एक गोळी घेऊन ठेवते" हे करू देऊ नका. वेदना हा इशारा आहे, तो दाबला तर दुखापत वाटेच्या मध्यावर कळते, जिथे कळून उपयोग नाही. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर वेदनाशामक आणि कमी पाणी हे त्रिकूट मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून कोणती गोळी चालेल हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दुसरं, गुडघ्याचा पट्टा लावायचा असेल तर तो चाचणीच्या दिवशीच लावून पाहा. नवा पट्टा तीन तासांनी गुडघ्यामागे कातडी सोलतो. काठ्या मात्र घ्या, दोन, कोपर काटकोनात राहील एवढ्या उंचीच्या. सपाटीवर त्या भार फार कमी करत नाहीत, पण चालीला लय देतात आणि बसून उठताना आईंना त्यांचाच आधार होतो.

आता गाडीचं गणित, कारण बाहेर पडायच्या वाटेचं उत्तर त्यातच आहे.

कॉन्फ्लुअन्सला सुरुवात आणि ओहायोपाइलला शेवट, हीच दिशा मी सुचवेन. कॉन्फ्लुअन्स छोटं, शांत गाव आहे, वस्ती हजाराच्या आत, तिथे सकाळी गाडी लावायला जागा सहज मिळते. ओहायोपाइलची कायम वस्ती शंभरही नाही, पण स्टेट पार्क, धबधबा आणि राफ्टिंग यांमुळे सुट्टीच्या दिवशी गाव फुलून जातं. खायची ठिकाणं, स्वच्छतागृहं, बसायला जागा, सगळं तिथे आहे, आणि थकलेल्या माणसाला या गोष्टी शेवटी हव्या असतात. वाट साधारण पश्चिमेकडे जाते, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर राहतं, डोळ्यांवर येत नाही.

दोन गाड्या असतील तर सोपं आहे. पहिली गाडी सकाळी लवकर ओहायोपाइलला लावून टाका, उशीर झाला तर जागा मिळणार नाही. मग सगळे दुसऱ्या गाडीने कॉन्फ्लुअन्सला. दोन्ही गावांमध्ये रस्त्याने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ओहायोपाइलच्या गाडीची किल्ली कॉन्फ्लुअन्सच्या गाडीत राहणे. किल्ली चालणाऱ्याच्या खिशात आहे ना, हे गाडीचं दार लावण्याआधी मोठ्याने विचारा.

पण तुमच्या कुटुंबासाठी मला दोन गाड्यांपेक्षा एक गाडी आणि एक सायकल ही योजना जास्त पटते. सकाळी नऊला तुम्ही चौघांना कॉन्फ्लुअन्सला सोडा. तिथून गाडीने रॅमकॅटला जाऊन थांबा. चौघं पाऊण तासात चालत तुमच्यापर्यंत येतील. रॅमकॅट हे निर्णयाचं ठिकाण. तिथे आईंना बसवा, बूट काढून पायाकडे पाहा, गुडघा कसा आहे ते विचारा. उत्तर देताना त्या मुलाच्या उत्साहाकडे पाहून "बरी आहे रे" म्हणतील, म्हणून तोंडाने विचारण्याबरोबर दहा पावलं चालायला सांगा आणि स्वतः पाहा. लंगडत असतील तर त्या तुमच्यासोबत गाडीत बसतील आणि ओहायोपाइलला धबधब्यापाशी तुमची वाट पाहतील. त्यात कमीपणा काही नाही, हे आदल्या रात्रीच घरात सगळ्यांसमोर बोलून ठेवा. ऐन वेळी बोललं की ते माघार घेतल्यासारखं वाटतं आणि आई हट्टाने पुढे निघतात.

सगळं ठीक असेल तर दहाच्या सुमाराला ते रॅमकॅट सोडतील. तुम्ही गाडीने ओहायोपाइलला जा, तिथे सायकली भाड्याने मिळतात, आदल्या दिवशी फोन करून एक राखून ठेवा. अकराला सायकलवरून उलट दिशेने निघालात तर साडेअकरा-पावणेबाराच्या दरम्यान, एकूण वाटेच्या साधारण मध्यावर, तुमची भेट होईल. तुमच्या पिशवीत जास्तीचं पाणी, कोरडे मोजे, जेवण. तिथून पुढे तुम्ही सायकल हातात धरून त्यांच्यासोबत चाला. काही बिघडलं तर रेंज नसलेल्या दरीतून मदत आणायला जाणारा सर्वांत वेगवान माणूस तुमच्याकडे असेल. आणि आईंना कमी ओझं घेऊन चालता येईल, जे गुडघ्यासाठी काठ्यांपेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

या योजनेची कमजोर कडी अशी की रॅमकॅट सोडल्यापासून तुमची भेट होईपर्यंत दीड-पावणेदोन तास बायकोवर सगळी जबाबदारी. म्हणून त्या वेळेपुरतं पाणी, औषधं आणि प्रथमोपचार त्यांच्या पिशवीत हवं, तुमच्या गाडीत राहून उपयोग नाही. एक साधा करारही करून ठेवा: ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास उलटूनही भेट झाली नाही तरी दोघांपैकी कोणी वाट सोडायची नाही. वाट एकच आहे, चुकामूक होण्याचा प्रश्नच नाही, जोवर कोणी नदीकडे किंवा जंगलात "जवळून जाऊ" म्हणून शिरत नाही तोवर.

वाटेवर मैलांच्या खुणा आहेत. आकडे कंबरलंडपासून मोजलेले असतात, म्हणजे कॉन्फ्लुअन्स ६२ च्या आसपास आणि ओहायोपाइल ७२ च्या आसपास. तुम्ही पुढे जाल तसे आकडे वाढतील. ७२ मधून समोरचा आकडा वजा केला की उरलेले मैल. हे काम मुलाला द्या. नऊ वर्षांचं मूल या वाटेवर थकण्याआधी कंटाळतं. दर मैलाला आकडा वाचून किती उरले ते सगळ्यांना सांगणं आणि घड्याळात किती मिनिटं लागली ते लिहिणं, एवढ्यावर त्याचे तीन तास जातात. तुमच्याही कामाची नोंद होते: मैलाला पंचवीस मिनिटांवरून बत्तीसवर गेलात की कोणीतरी न सांगता दुखणं सोसतंय. आणि ९११ ला फोन लागलाच तर "नदीकाठी, झाडांमध्ये" सांगण्यापेक्षा वाटेचं नाव आणि शेवटचा पाहिलेला आकडा सांगा.

चालीबद्दल. ताशी चार किलोमीटर धरा, त्याहून वेगाने जाण्यात काही अर्थ नाही. दर चाळीस-पन्नास मिनिटांनी पाच-सात मिनिटं थांबा. जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं. त्याहून लांब विश्रांती घेतली की दुखरा गुडघा आखडतो आणि पुढचा पाऊण तास तो सोडवण्यात जातो. चालण्याचे साडेचार तास आणि थांबण्याचे सव्वा ते दीड तास, म्हणजे नऊला निघून तीन-साडेतीनला ओहायोपाइल. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य सात-सव्वासातपर्यंत असतो, म्हणजे हाताशी पुरेशी जास्तीची वेळ राहते. ऑक्टोबरच्या शेवटी, पानं रंगल्यावर जायचं ठरवलंत तर ही शिल्लक तासाभराने कमी होते. तेव्हा आठलाच निघा.

एक गोष्ट घरी शिकवून न्या, कारण प्रत्यक्षात सर्वांत जास्त धोका तिचाच आहे. या वाटेवर सायकलस्वार भरपूर असतात. इथे उजव्या बाजूने चालायचं आणि मागून येणारा डावीकडून पुढे जातो. जाताना तो ओरडतो, "ऑन युवर लेफ्ट!" आयुष्यभर डावीकडून चाललेला माणूस "लेफ्ट" ऐकताच पटकन डावीकडे सरकतो, म्हणजे नेमका सायकलच्या पुढ्यात. आई-बाबांना एवढंच सांगा: मागून काहीही ऐकू आलं, घंटा असो की आवाज, जिथे आहात तिथेच उजव्या कडेला राहायचं, वळून पाहायचंही नाही. घराजवळच्या रस्त्यावर दोन-तीनदा सराव करून घ्या. वाट दहा-बारा फूट रुंद आहे, पण चौघं शेजारी शेजारी गप्पा मारत चाललात तर ती भरून जाते. दोन-दोनच्या जोड्या करा. फोटोसाठी थांबताना वाटेच्या बाहेर या. बाबांना ऐकू कमी येत असेल तर त्यांना आतल्या, म्हणजे उजव्या बाजूला ठेवा.

पायांचं बघू. जड ट्रेकिंगच्या बुटांची इथे गरज नाही, ते उलट नुकसान करतात. जाड पण मऊ तळाचे, वापरून सैल झालेले चालायचे बूट बरे. पाय दुपारपर्यंत फुगतात, म्हणून पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं. मोजे सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते आणि घासली की फोड. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घ्या, दोन जोड, आणि जेवणाच्या वेळी बदला. चुनखडीची बारीक कच बुटात शिरते. "पुढच्या थांब्याला काढू" म्हणून दामटलं की पुढच्या थांब्याला फोड तयार असतो. बोचलं की लगेच थांबा, बूट झटका. चटका जाणवला, पण कातडी अजून शाबूत आहे, तेव्हाच त्यावर चिकटपट्टी लावा, कडा गोल कापून, म्हणजे ती गुंडाळत नाही. फोड आल्यावर पट्टी लावणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. बाबांना मधुमेह असेल तर निघण्यापूर्वी आणि दोन्ही मोठ्या थांब्यांवर तळवे डोळ्यांनी पाहा. संवेदना कमी झालेली असेल तर त्यांना खडा बोचलेला कळणार नाही.

पाणी माणशी दोन लिटर, उकाडा असेल तर अडीच. मुलाला दीड पुरे. सगळं सुरुवातीलाच पाठीवर नको, निम्मं तुमच्या सायकलवर येऊ द्या. ही यॉकिगेनी नदी (स्थानिक लोक नुसतं "यॉक" म्हणतात) कितीही नितळ दिसली तरी तिचं पाणी तसंच पिऊ नका. मीठ-साखर-पाण्याची दोन पाकिटं सोबत ठेवा. ज्येष्ठांना तहान उशिरा कळते, म्हणून दर थांब्याला चार-पाच घोट, मागितलं नाही तरी. "वाटेत जायला लागेल" या भीतीने आई पाणी कमी पितात, हे बहुतेक घरांत घडतं, आणि चक्कर आली की कारण तेच निघतं. यावर उपाय म्हणजे खरं काय ते आधी सांगणं: कॉन्फ्लुअन्सला आणि रॅमकॅटला जाऊन घ्यायचं, त्यानंतर ओहायोपाइलपर्यंत भरवशाची सोय नाही. मधे लागलंच तर वाट आणि नदी या दोन्हींपासून सत्तर-ऐंशी पावलं आत जायचं, कागद पिशवीत घालून परत आणायचा. एक मोठी ओढणी सोबत ठेवली की आडोसा होतो आणि संकोच निम्मा कमी होतो.

खाण्यात दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी, चिक्की, खजूर, केळी. दहीभात नको, पाच तास पाठीवर तापला की बिघडतो. मधुमेहाची औषधं चालू असतील तर इतक्या चालीने साखर खाली येऊ शकते, दर तासाला थोडं खाणं आणि खिशात साखरेच्या गोळ्या हव्यातच. डोस बदलायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. आई-बाबांच्या औषधांची यादी आणि प्रवास विम्याच्या कार्डाचा फोटो तुमच्या दोघांच्याही फोनमध्ये असू द्या, आणि एक छापील प्रत बाबांच्या खिशात.

वाटेच्या कडेला पॉयझन आयव्ही भरपूर आहे. ओळखायला सोपं: एका देठाला तीन पानं, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब. पळसाला पानं तीनच, तशीच या वेलीलाही. ही बिब्ब्याच्याच कुळातली. बिब्बा उतल्यावर अंगावर काय उठतं हे आईंना सांगायला नको, तोच प्रकार इथे नुसत्या पानाच्या स्पर्शाने होतो. आणि लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. लागल्याची शंका आली तरी शक्य तितक्या लवकर साबण-पाण्याने धुवा, काठीची मूठ आणि बूटही. बसायला सोबत एक प्लॅस्टिकचं आसन घ्या आणि गवतात न बसता बाकावर किंवा वाटेच्या मोकळ्या कडेला बसा.

गवतात न बसण्याचं दुसरं कारण गोचीड. पेनसिल्व्हेनियात गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचं प्रमाण मोठं आहे. वाटेच्या मधोमध चालणाऱ्याला ती सहसा लागत नाही, कडेच्या झुडपांत शिरणाऱ्याला लागते. फिकट रंगाची पँट, तिचा घोळ मोज्यात खोचलेला, आणि घोट्यावर कीटकरोधक. साप दिसला, कधी कधी ते उन्हाला वाटेवर पडलेले असतात, तर थांबा, लांबून वळसा घाला, काठीने हुसकायला जाऊ नका. इथे रॅटलस्नेक आणि कॉपरहेड हे दोन्ही विषारी साप आहेत.

नदीत पाय बुडवायचा मोह होईल. कॉन्फ्लुअन्सच्या अगदी वर धरण आहे आणि खालच्या थरातलं पाणी सोडलं जातं, त्यामुळे ते उन्हाळ्यातही गार असतं आणि विसर्ग बदलला की पातळी बदलते. दगड शेवाळलेले असतात. ओहायोपाइलच्या धबधब्याच्या वर पाण्यात उतरायला मनाई आहे, ती पाळा. वीसेक फुटांचा तो धबधबा काठावरच्या कठड्यापाशी उभं राहून छान दिसतो.

सप्टेंबरच्या सकाळी दरीत धुकं असतं, दहाच्या सुमाराला विरतं. एक पातळ स्वेटर आणि हलकं रेनकोट पुरे. विजांसह पाऊस सांगितला असेल तर तो शनिवार सोडून द्या. वाटेवर निवारा नाही आणि झाडांखाली थांबणं हा निवारा नव्हे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर शिकारीचा हंगाम असतो, भडक नारिंगी जाकीट घाला.

आता चाचणी फसली तर काय, ते. तेव्हा रॅमकॅटची योजना सोडा आणि ओहायोपाइललाच गाडी लावा. गावातल्या जुन्या स्टेशनजवळून पुलावर जा. खालचा पूल ओलांडून फर्नक्लिफच्या द्वीपकल्पाच्या मानेवरून वरच्या पुलापर्यंत जाऊन परत यायला तासभर पुरतो, आणि दोन्ही पूल रेल्वेचे असल्याने बाबांचा वेळ त्यांच्या कैच्या बघण्यातच जाईल. थोडं जास्त झेपत असेल तर ओहायोपाइलहून कॉन्फ्लुअन्सच्या दिशेला चाला, पण परतीचं ठिकाण अंतरावर नव्हे, घड्याळावर ठरवा: पाऊण तास पुढे, मग कोणी कितीही ताजंतवानं असलं तरी मागे फिरायचं. परतताना वेग कमी होतो, तो हिशोब त्यात धरलेला आहे. कैलास असो की ओहायोपाइल, आई-बाबांना सगळ्यात जास्त आवडतं ते सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लेलं, आणि ते या छोट्या फेरीतही तितकंच होतं.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर आंघोळीच्या वेळी गोचीड तपासा: गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, केसांत, मुलाच्या कानामागे. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडी लावायची नाही. लवकर काढली तर संसर्गाची शक्यता खूप कमी असते. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती तारीख सांगा. आई-बाबा तोवर पुण्याला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांना "पेनसिल्व्हेनियात गोचीड चावली होती" हे सांगायचं त्यांना लक्षात राहील असं करा, कारण तिथे हा आजार कुणाच्या पहिल्यांदा मनात येणार नाही.